टेकडीवरच्या सायकलवाटा: पावसाळ्यात टिकाव्यात आणि सगळ्यांना चालाव्यात, यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका टेकडीवर पंधरा-वीस जण नियमित माउंटन बाइक चालवतात. यंदाच्या पावसात उतारावरच्या वाटांच्या घळी झाल्या, सकाळी फिरायला येणाऱ्यांशी खटके उडायला लागले आणि डागडुजीसाठी टिकाव-फावडी घेऊन गेल्यावर वनरक्षकांनी काम थांबवलं. आता वनविभाग, फिरणारे, झाडं लावणारे गट या सगळ्यांना बरोबर घेऊन टिकाऊ वाट कशी करायची?

सुरुवात अशा सल्ल्याने करतो जो सायकलवाल्यांना सहसा रुचत नाही. पहिल्या वर्षी एकही नवी वाट काढू नका. आहेत त्यांतल्या निम्म्या बंद करा आणि उरलेल्या नीट करा. वेताळ टेकडी घ्या, तळजाई घ्या नाहीतर बाणेर-पाषाणची टेकडी घ्या, त्याच दोन ठिकाणांना जोडणाऱ्या चार-चार, पाच-पाच समांतर वाटा सगळीकडे दिसतात. त्यातली प्रत्येक पावसाळ्यात ओढा होते. जादा वाटा बंद केल्या की गवताला जागा मिळते, डागडुजीची लांबी आवाक्यात येते आणि टेकडीवर येणाऱ्या बाकीच्या लोकांना हा गट काय करू पाहतोय ते दिसतं. पुण्यात टेकडीफोडीविरुद्ध लोक वर्षानुवर्षं लढत आले आहेत. तिथे टिकाव मारणाऱ्याकडे संशयानेच पाहिलं जाणार, आणि तो संशय रास्त आहे.

पण बंद करायलासुद्धा परवानगी लागते, म्हणून आधी जमिनीचं बघू. एकाच टेकडीचे अनेक मालक असतात: राखीव वन, महापालिकेची जागा, एखाद्या संस्थेची किंवा संरक्षण खात्याची जमीन, गायरान, आणि जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणातल्या खासगी जागा. वाटेचा जीपीएस ट्रॅक भूनकाशावर टाका, ती कोणकोणत्या गट नंबरांतून जाते ते काढा आणि प्रत्येकाचा सातबारा बघा. राखीव वनात परवानगीशिवाय जमीन खोदणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी त्यातून सुटका नाही, त्यामुळे वनरक्षकांनी काम थांबवलं ते बरोबरच केलं.

अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे मराठीत करा, प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या आणि आवक क्रमांक घ्या. मजकूर दोन पानांच्या पुढे नको. त्यात या गोष्टी हव्यात: नकाशा, कोणत्या वाटा बंद करणार, कोणत्या दुरुस्त करणार, चाक जाईल त्या पट्टीची रुंदी, एकही झाड किंवा फांदी तोडणार नाही ही हमी, यंत्र न वापरता हातानेच काम, पावसाळ्यात वाट कधी बंद राहणार, आणि देखभाल कोण करणार. मग संयुक्त पाहणी मागा. वनरक्षक आणि वनपाल यांच्याबरोबर वाट एकदा चालून झाली की कागदावरचे निम्मे आक्षेप जागेवरच मिटतात. तोंडी होकारावर काम कधीही सुरू करू नका. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि नव्या साहेबांकडे त्या होकाराची नोंद नसते. महापालिकेच्या जागेसाठी हेच पत्र उद्यान विभागाला जातं. मयूरेश्वर किंवा भीमाशंकरसारख्या अभयारण्यात मात्र वाट आखायचा विचारच सोडून द्या.

आता मूळ दुखणं, म्हणजे पाणी. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा मोठा नाही, पण त्यातला बराचसा जोरदार सरींत येतो, आणि मे महिन्यातला वळीव तर उन्हाने भुगा झालेल्या मुरमावर कोसळतो. उताराला सरळ खाली जाणाऱ्या वाटेवर तो शिरला की खाली उतरेपर्यंत बाहेर पडत नाही. टायरमुळे माती सुटी होते हे खरं आहे, पण ती वाहून नेतं पाणी. म्हणून वाटेचं आरोग्य तिच्या आखणीवर ठरतं, तिच्यावरून कोण जातं यावर त्या मानाने कमी.

आखणीचे दोन आकडे पक्के लक्षात ठेवा. वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटर चालल्यावर १ मीटर उंची. आणि कुठल्याही जागी वाटेचा चढ हा त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर २० टक्क्यांचा असेल तर वाट १० टक्क्यांपर्यंत. त्याहून तीव्र झाली की पाण्याला वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेवरूनच धावणं सोपं पडतं. थोड्या अंतरासाठी १५ टक्के चालतात, पण तिथे खाली कातळ किंवा दगडी सोलिंग, म्हणजे दगड रोवून केलेला थर हवा.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक मोबाइलमुळे होते. मोबाइलमधलं उतारमापक सहसा अंश दाखवतं आणि माणूस ते टक्के समजून बसतो. १० टक्के म्हणजे ५.७ अंश, १५ टक्के म्हणजे ८.५ अंश. मोबाइलवर १० दिसतात म्हणून खुशाल आखलेली वाट प्रत्यक्षात साडेसतरा टक्क्यांची निघते आणि पहिल्याच पावसात चिरते. त्यापेक्षा गवंड्याची पाण्याची नळी घ्या, किंवा पाणलोटाच्या कामात वापरतात ती ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी 'ए'च्या आकाराची, ओळंबा टांगलेली चौकट. गावाकडे सलग समतल चर (पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) आखलेली माणसं हे अर्ध्या तासात शिकवतात.

आखताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रेघ ओढत जाऊ नका. आधी जिथे जायलाच हवं ती ठिकाणं नकाशावर घ्या: कातळाची पायरी, सावलीची जागा, जुन्या वाटेचा चांगला तुकडा. मग जिथे जायचंच नाही ती घ्या: काळ्या मातीचे खोलगट भाग, रोपवन, ओघळाचं मुख, टिटवी आणि रातवा घरटी करतात ती मोकळी गवताळ जागा. उरलेल्या पट्ट्यातून वाट शोधा. आपल्या टेकड्या बसाल्टच्या थरांच्या आहेत. कठीण थराची पायरी, खाली मऊ, कुजलेला मुरमाड उतार, पुन्हा पायरी. मुरमाड उतारावरून वाट आडवी न्यायची आणि वरच्या टप्प्यावर चढायचं ते उघड्या कातळावरून. तिथे झीज जवळजवळ होतच नाही.

माथ्यावरचं पठार बघून सगळ्यांना वाटतं की इथे काम सोपं आहे. खरं तर सगळ्यात अवघड जागा तीच. उतार पाच-सहा टक्के, त्यामुळे पाणी निघून जात नाही. कातळावर वीतभर काळी माती, ती भिजली की फुगते, टायरला चिकटते आणि डबकं तयार होतं. डबकं टाळायला प्रत्येक जण थोडा बाजूने जातो आणि दोन पावसाळ्यांत वाट फूटभरावरून तीन मीटर रुंद होते. त्याच पातळ मातीत जमिनीवरची आमरी आणि सोनकीसारख्या पावसाळी वनस्पती उगवतात. म्हणून पठारावर वाट फक्त कातळावरून न्या, नाहीतर पठाराच्या कडेखाली चार-पाच मीटर उतरून उतारावर घ्या.

उतारावर चाक जिथून जातं ती पट्टी डोंगरात पूर्ण कापून काढायची. निम्मी कापून निम्मी भराव टाकून केलेली पट्टी बाहेरच्या कडेने खचते, हे ठरलेलं. ४० टक्के उतारावर ७५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापली तर आतली भिंत साधारण ३० सेंटिमीटर उंच होते आणि एका मीटरमागे तेरा-चौदा घमेली माती निघते. ती खालच्या उतारावर विरळ पसरून टाका, कडेला ढीग लावू नका. आतली भिंत उभी ठेवू नका, वरून तिरकी तासा. पट्टीला बाहेरच्या बाजूला ५ टक्के कल द्या, म्हणजे ७५ सेंटिमीटरला चारेक सेंटिमीटर. नंतर धुमस मारून घट्ट करा. मुरूम कोरडा असेल तर कितीही धुमसला तरी बसत नाही, म्हणून कापणीचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना उरका. फेब्रुवारीनंतर हात घातलात तर मीटरमागे दहा-पंधरा लिटर पाणी डोक्यावरून वर न्यावं लागेल.

कल दिला तरी वर्षभरात टायरने मधला भाग खोलगट होतो, बाहेरच्या कडेला वरंबा तयार होतो आणि पाणी पुन्हा अडतं. त्यावर खरा उपाय म्हणजे डिप. दर १० ते १५ मीटरवर उतरणारी वाट खाली जाऊन दोन-तीन मीटर हलकीच वर चढली पाहिजे. त्या खोलगट जागी पाणी थांबतं आणि बाहेर पडतं. चढ इतका सौम्य हवा की सायकलवाल्याला मजा वाटेल आणि चालणाऱ्याला कळणारही नाही. जुन्या वाटेवर डिप बसवता येत नसेल तर बाहेरच्या कडेला तीनेक मीटर व्यासाचं अर्धवर्तुळ तासून काढा. त्याच्या मध्यावर बाहेरचा कल १५ टक्के ठेवा. हे फक्त सौम्य उतारावर चालतं.

आडवे दगड किंवा ओंडके रोवून पाणी वळवण्याचा मोह टाळा. त्यांच्यामागे गाळ भरतो, मग पाणी वरून किंवा कडेने जातं, आणि ओल्या ओंडक्यावर तिरकं चाक घसरतं. मुरूम भरलेली प्लास्टिकची पोती तर नकोच. उन्हाने वर्षभरात त्यांच्या चिंध्या होतात आणि त्या टेकडीभर पसरतात.

आता समतल चर. यावर जरा थांबतो, कारण बाहेरच्या देशांतल्या वाटांच्या माहितीत हे सापडत नाही आणि आपल्याकडे वनविभागाशी वाद बहुतेक इथूनच सुरू होतो. पुण्याभोवतीच्या कित्येक उतारांवर मृदसंधारणासाठी ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटिमीटर खोल चर खणलेले आहेत, मातीचा बांध खालच्या अंगाला. सरळ उतरणारी सायकलवाट हे बांध एकामागून एक फोडत जाते. चर भरला की पाणी नेमकं त्या फुटक्या जागेतून सुटतं, खालच्या चरातही तसंच होतं, आणि पाच-सहा चरांचं पाणी एकत्र होऊन वाटेवरून उतरतं. अशा घळीचा दोष वाटेच्या उतारात शोधत बसलात तर सापडणार नाही. वरचा चर कुठे फुटलाय ते जाऊन बघा.

म्हणून चर ओलांडायचा तो त्याच्या टोकाला, जिथे तो आपोआप संपतो. मधूनच ओलांडणं भाग असेल तर चर बुजवायचा नाही. फुटलेला बांध पूर्ण उंचीला परत बांधा आणि वाट ज्या जागी जाते तिथे त्यावर मोठ्या दगडांचं सोलिंग करा. दगड चपटे नकोत, लांबट हवेत, आणि उभे रोवायचे: दोन-तृतीयांश जमिनीत, सांधे एकासमोर एक येऊ न देता, फटी छोट्या दगडांनी ठोकून. चरातलं जादा पाणी सोडणारा सांडवा वाटेपासून किमान चार-पाच मीटर दूर काढा. बांधाच्या माथ्यावरून वाट न्यायची कल्पना दरवेळी कुणीतरी मांडतं, कारण तिथे आयती सपाटी मिळते. त्याने बांध दबतो, पाणी वरून सांडतं आणि मृदसंधारणाचं सगळं काम वाया जातं. याला ठाम नकार द्या.

जादा वाट बंद करणं हेही कौशल्याचं काम आहे. तोंडाशी बोराटीची काटेरी फांदी टाकून वाट बंद होत नाही, तिच्या शेजारून चौथी वाट तयार होते. दबलेली जमीन आधी टिकावाने १०-१५ सेंटिमीटर सैल करा. घळ झाली असेल तर सुट्या मातीने भरू नका, पहिला जोरदार पाऊस ती घेऊन जाईल. त्याऐवजी दगडांचे छोटे बांध घाला. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यायला हवा. २० टक्के उतारावर २५ सेंटिमीटरचे बांध म्हणजे दर सव्वा मीटरवर एक. बांधाचा मध्य कडांपेक्षा खाली ठेवा, नाहीतर पाणी दोन्ही बाजू पोखरतं. मधल्या सैल मातीत आसपासच गोळा केलेलं मारवेल आणि कुसळीचं बी पेरा. आणि चालू वाटेवरून दिसणारे पहिले पंधरा-वीस मीटर पूर्ण झाकून टाका. जुनी वाट दिसत राहिली की माणूस तिच्यावर वळतोच.

दगड हलवताना पहार वापरा आणि दगड आपल्या बाजूला उलटवा, म्हणजे त्याची मोकळी बाजू समोर राहते. खाली फुरसं किंवा विंचू असण्याची शक्यता नेहमी धरा. पंधरा जणांच्या श्रमदानाला चार टिकाव, चार फावडी, दोन पहारी, सहा घमेली, दोन दाताळी, एक धुमस पुरते. तीन तासांत एका माणसामागे दीड-दोन मीटर नवी पट्टी धरा. दगड लागले तर मीटरभर.

आता माणसं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सायकल क्लबांनी इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन स्थापन केली, ती वाटा सायकलींना बंद व्हायला लागल्या म्हणूनच. त्यांना जे उमगलं ते इथेही लागू पडतं: जमीन सांभाळणाऱ्यांबरोबर देखभालीला उभं राहिल्याशिवाय वाटेवर हक्क सांगता येत नाही.

बैठक सभागृहात नको, टेकडीवरच घ्या, रविवारी सकाळी साडेसहाला, सगळे तिथे असतातच तेव्हा. ज्येष्ठ नागरिक, झाडांना कॅनने पाणी घालणारे गट, पक्षी पाहणारे, पळणारे, वनरक्षक, आणि हमखास विसरली जाणारी माणसं, म्हणजे गुरं-शेळ्या घेऊन येणारे आणि सरपण वेचणाऱ्या बाया. मोठा नकाशा जमिनीवर पसरा आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं स्केचपेन द्या. तुम्ही कुठून जाता, कधी जाता, कुठे दचकता, एवढंच विचारा. भांडणाच्या जागा बहुतेक वेळा तीन-चारच निघतात: आंधळं वळण, लांब सरळ उतार, वाटा मिळतात ती जागा.

सायकलींनी जमीन जास्त खराब होते, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या माँटानाच्या अभ्यासात ओल्या केलेल्या वाटांवर घोडे आणि चालणारी माणसं यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, असं दिसलं होतं. हे माहीत असू द्या, पण बैठकीत ढाल म्हणून पुढे करू नका. तिथली माती आपली नव्हे, आणि मागचं चाक लॉक करून घसरत उतरणारा सायकलस्वार किती माती उकरतो ते समोरच्या काकांनी रोज पाहिलेलं असतं.

त्या तीन-चार जागा आधी आखणीने सोडवा, पाटी नंतर. ताशी २० किलोमीटर वेगातल्या सायकलला सुट्या मुरमावर थांबायला साधारण ११-१२ मीटर लागतात, आणि भानावर यायला गेलेला सेकंद त्यात धरलेला आहे. वळणापुढे तेवढं दिसत नसेल तर वळणाआधी वेग मोडायला हवा. त्यासाठी आधी एक डिप द्या, म्हणजे छोटा चढ लागून वेग पडतो, मग गुडघ्याच्या खाली उंचीचे दोन दगड पाऊण मीटर अंतरावर ठेवा. क्रम उलटा करू नका. वेगात उतरताना अचानक समोर आलेले दगड हाच अपघात ठरतो.

नियम थोडे ठेवा. सायकलवाला नेहमी थांबतो. चढणाऱ्याला आधी वाट. मागून येताना वीस मीटरवरून, हळू होत, "काका, मागून एक सायकल येतेय," असं सांगायचं, आणि मागे आणखी असतील तर किती ते सांगायचं, कारण पहिली गेल्यावर माणूस निर्धास्त होऊन पुन्हा मध्ये येतो. गुरं दिसली की उतरायचं आणि घंटी वाजवायची नाही. सकाळी सहा ते नऊ मुख्य वाटेवर सायकल चालण्याच्याच वेगाने. गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी तोंडाशी आडवे-तिडवे मोठे दगड लावा. सायकल हाताने जाते, मोटारसायकल अडते.

पावसाळ्यात काळ्या मातीचे भाग जून ते सप्टेंबर पूर्ण बंद. मुरमाड उतारांसाठी सोपी परीक्षा आहे: टाच दाबून बघा, सेंटिमीटरभर रुतली तर आज बंद. हा निर्णय एकाच माणसाच्या हाती द्या, व्हॉट्सअॅपवर मतदान नको. मतदानात शनिवारी रात्री नेहमी "चालेल"च निघतं. उन्हाळ्यात वाट वणवा थोपवेल असं वनविभागाला सांगू नका. पाऊण मीटरची पट्टी जाळरेषेचं काम करत नाही, आगीपर्यंत माणसं लवकर पोचतात एवढाच तिचा उपयोग.

देखभालीसाठी दर तीनशे ते पाचशे मीटरला दोन पालक नेमा, शक्यतो एक सायकलवाला आणि एक चालणारा. मेच्या मध्यावर प्रत्येक डिपचं तोंड साफ करायचं आणि बाहेरचा वरंबा फोडायचा. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन वाट चालायची. पाणी कुठून वाटेवर येतं आणि कुठे बाहेर पडत नाही, ते त्या अर्ध्या तासात जितकं दिसतं तितकं एरवी वर्षभरात दिसत नाही. जिथे अडलं तिथे फक्त खूण करा. ओल्यात खोदू नका.

आणि मोजमाप ठेवा. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन जागी वाटेच्या दोन्ही बाजूंना, पट्टीपासून फूटभर दूर, सळईचे तुकडे ठोका. ते जमिनीलगत ठेवा, म्हणजे कुणाला लागणार नाहीत. दोन्हींमध्ये सुतळी ताणा आणि दर १० सेंटिमीटरला सुतळीपासून जमिनीपर्यंतची खोली लिहा. मेच्या अखेरीस एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, दोन्ही वेळी त्याच जागेवरून फोटो. सरासरी खोली दोन सेंटिमीटरच्या वर वाढली तर त्या तुकड्याची आखणी चुकलेली आहे आणि तो डागडुजीने टिकणार नाही, हलवावा लागेल. हे आकडे दरवर्षी नोव्हेंबरमध्ये वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी द्या, अधिकारी नवे आले असतील तर आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून. नव्या वाटेचा अर्ज करायचा असेल तर तो अशा दोन पावसाळ्यांच्या नोंदी हातात आल्यावरच करा.